भरीव की पोकळ

"मी एकेक शब्द म्हणेन. तुम्ही तोच परत म्हणायचा. घाई नाही," असं सांगून कानाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडासमोर पुठ्ठा धरला.

पुठ्ठ्यामागून शब्द येऊ लागले आणि मी म्हणत गेलो. थाप. काठ. वाट. पीठ. एका शब्दाला जरा अडलो, पण तोही म्हटला. वीस शब्द संपले तेव्हा शाळेत न चुकता पाढा म्हटल्यासारखं वाटलं. चंद्रपूरला येताना एसटीत जी भीती वाटत होती ती गेली.

डॉक्टरांनी पुठ्ठा खाली ठेवला. "किती बरोबर आले असतील, तुमच्या अंदाजानं?"

"सगळे."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. डावीकडे त्यांचे शब्द होते, उजवीकडे माझे. साप म्हटलं होतं, मी थाप ऐकलं होतं. पाटचं काठ झालं होतं, शीतचं पीठ. अकरा ठिकाणी फुल्या होत्या.

"पण डॉक्टर, मला स्पष्ट ऐकू आलं."

"ऐकू येतंच आहे तुम्हाला. पण ऐकू येणं वेगळं, पिंपळशेंडे, आणि दोन आवाजांतला फरक कळणं वेगळं. कानातली ती शिट्टी आत्ता वाजतेय?"

"वाजतेय. लांबच्या घरात कुकर लागला असावा तशी. पण थांबत नाही. खाली खाणीत शांत झालं की अजून वाढते."

"तो आवाज बाहेर कुठेच नाही. ड्रिल आणि सुरुंगांनी तुमचं वरच्या पट्टीतलं ऐकणं खाऊन टाकलंय, आणि त्या रिकाम्या जागेत तुमचा मेंदूच काहीतरी वाजवत बसलाय. बाहेरून येणारा बारीक फरक त्यात बुडून जातो. वाईट एवढंच, की माणसाला ते कळत नाही. चुकीचं ऐकलेलंही त्याला खरंच वाटतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खाणीत नेमकं काय काम करता?"

"माणसांवर देखरेख," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी मायनिंग सरदार होतो. माझं काम ऐकण्याचं होतं.

"मग अडचण नाही. पण हा कागद कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा. आवाजाच्या जागेवरून दूर ठेवतील ते तुम्हाला."

मी मान हलवली. बसस्थानकावर उतरत्या उन्हात गाडीची वाट बघत बसलो असताना तो कागद मी आधी चार घड्या करून खिशात ठेवला, मग काढला आणि फाडून टाकला.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. पळसपिंपरीची आमची तीन नंबरची खाण तेव्हा चालू होती. आता तिथे बाभळी उगवल्यात. जमिनीखाली दीडशे मीटरवर कोळशात खोदलेले बोगदे होते, त्यांना आम्ही गल्ल्या म्हणायचो, आणि प्रत्येक भागाला एक सरदार असायचा. सुरुंग उडाला, धूर निवला, की पहिल्यांदा आत जायचा तो सरदार. हातात लांब काठी, तिच्या टोकाला लोखंडी टोपी. तिनं छत ठोकायचं. दगड वरच्या थराला घट्ट धरून असेल तर आवाज टणक येतो, भांड्यावर नाणं आपटल्यासारखा. थर आतून सुटला असेल तर भद्द येतो. पहिला भरीव, दुसरा पोकळ. भरीव असेल तर खांबावर खडूनं तारीख आणि सही करायची आणि कोळसा भरणाऱ्या लोडर लोकांना आत सोडायचं. पोकळ असेल तर ड्रेसरला बोलवायचं. ड्रेसर म्हणजे सैल दगड सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, पाडून छत मोकळं करणारा माणूस. छत हाताला लागेल एवढं खाली असलं तर तळहात टेकवून कंपही कळतो. आमच्या भागातलं छत उंच होतं. तिथे फक्त कानाचाच आधार.

आणि माझ्या कानाचं नाव होतं. त्र्याऐंशीत मी एका गल्लीतून अकरा माणसं बाहेर काढली होती. मॅनेजर साहेब म्हणाले होते, "काही होत नाही, कोळसा निघू द्या." मी हटलो नाही. तासाभरात छत खाली आलं. तेव्हापासून दुसऱ्या भागातले लोडरही विचारायचे, "दौलत सरदारानं ऐकलं का?" असा कान गेला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मग मला वर पाठवलं असतं, लॅम्परूमच्या खिडकीत, दिवे वाटायला. चाळिशीतल्या सरदाराला तिथे बसलेलं बघून लोक कुजबुजतात, हे मी पाहिलं होतं. बायकोला, इंदूला, तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका ना. दिवे वाटले तर का होते?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आणि माझ्याकडे एक उपाय होता. कोमुरय्या.

कोमुरय्या माझा ड्रेसर होता, बारा वर्षांपासून. मूळचा नदीपलीकडचा, तेलुगू मुलखातला, पण मराठी आमच्यासारखीच बोलायचा. हाडापेरानं बारीक, आणि सब्बल मात्र अशी चालवायचा की दगड त्यानं सांगितलेल्या जागीच पडायचा. मी छत ठोकायचो तेव्हा तो माझ्या शेजारी उभा असायचा. मी काय केलं, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. एखाद्या जागी शंका येऊन काठी जरा रेंगाळली की मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघायचो. त्याच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या की मी म्हणायचो, "पाड हे." त्या जागच्या जागी असल्या की पुढे सरकायचो. त्याला हे कळलं असेल असं कधी कधी वाटायचं, कारण तोही माझ्याकडेच बघत असायचा. मनात म्हणायचो, दोस्त आहे, समजून घेतो.

सहा महिने असेच गेले. काही झालं नाही.

आमच्या भागात बाजीराव कोवे नावाचा लोडर होता. बत्तीसेक वर्षांचा, गावाकडून सायकलनं यायचा. कोळशाची टोपली डोक्यावर घेतल्यावरही त्याची बडबड चालू असायची. रोज सुरुंगानंतर मी आतून बाहेर आलो की त्याचा ठरलेला प्रश्न, "काय म्हणते छत, सरदार?"

"बरं म्हणते. जाय आत."

"नाही, रुसलं गिसलं असंल तं सांगा. घरी एक रुसून बसलीच हाय."

लोक हसायचे. मला त्याचे अर्धे शब्द कळायचे, उरलेले त्याच्या चेहऱ्यावरून जुळवायचो.

जानेवारीत एका आठवड्यात दोनदा घोळ झाला. सुरुंगानंतर कान नेहमीच जास्त वाजायचे. एका जागी मला भद्द वाटलं. काठी थांबली. कोमुरय्याच्या भुवया वर गेल्या. मी म्हणालो, "पाड." त्यानं अर्धा तास सब्बल घातली. घामानं त्याचा बनियन चिकटला, पण खपलीसुद्धा निघाली नाही. छत वज्रासारखं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. लोडर बसून राहिले. बाजीराव म्हणाला, "सरदार, छताले नाही, तुमच्या काठीलेच सर्दी झाली वाट्टे."

मॅनेजर साहेबांनी वर बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पिंपळशेंडे, तुमच्यासारखा माणूस घाबरायला लागला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

पुढच्या गुरुवारी सकाळपाळी होती. अकराच्या सुमारास सुरुंग उडाला. धूर जायला वीस मिनिटं लागली. मी आणि कोमुरय्या आत गेलो. कानात ती शिट्टी अशी भरली होती की माझ्या बुटांचा आवाज दुसऱ्याच्या बुटांचा वाटत होता. उजवीकडून सुरुवात केली. टण. टण. टण. मधोमध आलो आणि काठी लागली ती भद्द.

मला ते ऐकू आलं. हे आज मी लिहून ठेवतो. ते मला ऐकू आलं होतं.

पण त्याच क्षणी मनात आलं, मागच्या दोन वेळाही असंच ऐकू आलं होतं. हा दगडाचा आवाज की माझ्या डोक्यातला? पुन्हा ठोकलं. ह्या वेळी मला काहीच ठरवता येईना. तिसऱ्यांदा ठोकलं असतं तर कोमुरय्याला कळलं असतं की सरदार अडला. म्हणून चेहरा दगडासारखा ठेवून काठी पुढे नेली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याच्या भुवया जागच्या जागी होत्या. सब्बल खांद्यावरून उतरलीसुद्धा नव्हती.

म्हटलं, चला. माझाच कान. दगड ठीक आहे.

खांबावर खडूनं तारीख घातली, सही केली.

"काय म्हणते छत?" बाजीरावनं विचारलं.

"बरं म्हणते."

तो आणि आणखी तिघं आत गेले. मी आणि कोमुरय्या तीस पावलांवर वळणाशी उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली असतील. एकदम अंगावर वाऱ्याचा झोत आला, तोंडात धूळ गेली आणि मग मला आरडाओरड ऐकू आली. वाचलेले तिघं नंतर सांगत होते की छत आधी चांगलं दहा-बारा वेळा कडकडलं, लाकूड मोडल्यासारखं. म्हणून तर ते पळाले. बाजीराव टोपली उचलायला वाकलेला होता. त्यानंही ते ऐकलं. सरळ झाला, पण पाय कोळशात घसरला.

त्या कडकडण्यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कोमुरय्याही माझ्याशेजारी तसाच उभा होता.

दाराच्या फळीएवढा दगड होता. कोमुरय्यानं एकट्यानं सब्बलीवर तो तोलून धरला आणि आम्ही बाजीरावला ओढून काढलं. पाळण्याकडे, म्हणजे वर नेणाऱ्या लिफ्टकडे, नेताना त्याचे डोळे उघडे होते. काहीतरी बोलत होता. मी तोंडाजवळ कान नेला. मला शिट्टीच ऐकू आली. पाळण्याच्या दाराशी पोचलो तेव्हा त्याचे ओठ हलायचे थांबले होते.

त्याची बायको गिरजा दुपारी खाणीच्या तोंडाशी आली. गावातून कोणीतरी सायकलवर बसवून आणली होती. रडत नव्हती. जो भेटेल त्याला विचारत होती, "छत पाहिलं नव्हतं का कोणी? ठोकलं नव्हतं का?"

मी दहा पावलांवर उभा होतो. माझ्या वतीनं दुसऱ्याच एकानं उत्तर दिलं, "दौलत सरदारानं सोता ठोकलं होतं, बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तं काही इलाज नाही." आणि खाली बसली.

पाचव्या दिवशी चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते. मॅनेजर साहेबांच्या खोलीत टेबलाच्या त्या बाजूला ते दोघं, ह्या बाजूला आधी मी, मग कोमुरय्या.

"छत तपासलं होतं?"

"हो साहेब."

"आवाज कसा आला?"

माझ्या घशात शब्द होता. पोकळ. मी म्हणालो, "भरीव."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

मग कोमुरय्याला जवळ बोलावलं. "तुम्ही सोबत होता. तुम्हाला कसा ऐकू आला?"

तो साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "भरीव, साहेब. पक्का."

अधिकाऱ्यांनी दोघांकडे पाहिलं. मग खाली बघून लिहीत लिहीत काहीतरी म्हणाले. वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या दोन माणसांनी एकामागून एक विचारल्यावर एकच सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं की दगडाची फट ठोकून कळण्यासारखी नव्हती. दोष कोणाचा नाही. आम्ही सह्या केल्या.

बाहेर कडुनिंबाखाली बाक होता. त्यावर बसलो. कोमुरय्यानं बिडी पेटवली.

मग तो म्हणाला, "सरदार, शेवटी साहेब का म्हणाले? त्यांनी तोंड खाली केलं, मले दिसलं नाही."

मी "दोष नाही म्हणाले" असं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दिसलं नाही? बोलणं दिसलं नाही?

मी उठलो. चार पावलं गेलो, कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "कोमुरय्या, तुझी बिडी विझली."

मागून काही उत्तर आलं नाही.

"कोमुरय्या, तुझ्या पायाशी साप आहे."

मी वळलो. तो शांतपणे झुरका घेत जमिनीकडे बघत होता. मी वळलेला दिसल्यावर त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या, अगदी तशाच, जशा मी सहा महिने रोज बघत आलो होतो. तो माझ्या चेहऱ्यावरून काय झालं ते वाचायचा प्रयत्न करत होता.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. "किती दिवस झाले?"

त्याला हा प्रश्न बरोबर कळला. बिडी जमिनीवर दाबली. "मागच्या होळीपासून. आधी नुसती मधमाशी फिरत होती कानात. आता पुरं पोळंच हाय."

"आणि काठीचा आवाज?"

"काठीचा आवाज येते जी. पण समदे सारखेच येते. भरीव का, पोकळ का, समदं एकच."

"मग तू ड्रेसिंग कसं करत होता?"

"तुम्ही होते ना." तो ओशाळला. "तुमच्या तोंडाकडे पाहत होतो मी. तुमची काठी थांबली का समजत होतो, इथं पोकळ हाय. तुम्ही पुढं गेले का, भरीव हाय. मनात म्हणत होतो, दौलत सरदाराचा कान हाय तोवर मले काय भेव? त्या दिवशी तुमची काठी थांबली नाही. तोंडही शांत होतं."

तो माझा हात धरून म्हणाला, "तुम्हाले तं बरोबर ऐकू आलं असंल ना? सांगा ना, सरदार. तुम्हाले भरीवच आलं होतं ना?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, कोमुरय्या."

त्यानं ते ओठांवरून वाचलं. कळायला वेळ लागला. पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो. मग त्यानं माझा हात सोडून दिला.

सहा महिने आम्ही दोघं त्या काळोखात दिवा एकमेकांच्या तोंडावर धरून उभे होतो. छत कोणी ऐकतच नव्हतं. आमच्या भागातल्या अकरा-बारा गल्ल्यांतून रोज चाळीस माणसं आमच्या सहीवर जात-येत होती.

"आत जाऊन सांगतो," मी म्हणालो आणि उठलो.

"पोरी हायेत मले दोन," एवढंच तो म्हणाला. मला अडवलं नाही.

ऑफिसची पायरी मी चढलो. दारातून आत दिसत होतं. अधिकारी चहा घेत होते, फायलीला नाडी बांधून झाली होती. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "काय पिंपळशेंडे?"

मी म्हणालो, "काही नाही. पेन राहिला होता."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. त्यात लिहिलं की अपघातापासून कानात आवाज येतात, तरी खालच्या कामातून मोकळं करावं. "अपघातापासून" हा शब्द मीच घातला. साहेबांनी वाचला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "होतं असं. मनाला लागतं." महिनाभरात मला लॅम्परूम मिळाली. कोमुरय्यानं नोकरी सोडली आणि नदीपलीकडे गावी गेला. जाताना भेटायला आला नाही. मीही गेलो नाही.

चार महिन्यांनी नवऱ्याच्या जागी गिरजाला कामावर घेतलं. बायकांना खाली काम नसतं. तिला लॅम्परूममध्ये दिलं, माझ्या हाताखाली.

पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, काय करू?" मी तिला दिवे पुसायला, चार्जिंगला लावायला, नंबराप्रमाणे रॅकमध्ये ठेवायला शिकवलं. तिच्याकडे बघून बोलणं मला जमत नव्हतं, पण न बघता ती काय म्हणते ते कळत नव्हतं.

पाळी बदलताना खिडकीशी झुंबड व्हायची. प्रत्येक जण आपला नंबर ओरडायचा. पासष्टचं मला सदुसष्ट ऐकू यायचं, सत्तावीसचं सत्तेचाळीस. चुकीचा दिवा गेला की आरडाओरडा. पहिल्याच आठवड्यात हे गिरजाच्या ध्यानात आलं. ती खिडकीशी स्वतः उभी राहू लागली. नंबर ऐकायची, माझ्याकडे तोंड वळवायची आणि ओठ ठळक हलवून सांगायची, "साठ. सात. सदुसष्ट." मी दिवा काढून द्यायचो. तिला नीट वाचता येत नव्हतं, मला नीट ऐकू येत नव्हतं. दोघं मिळून एक माणूस झालो होतो, असं लोक गमतीनं म्हणायचे.

अशी अकरा वर्षं गेली. तिनं पोरीचं लग्न केलं. इंदू आजारी पडली तेव्हा ती आठवडाभर आमच्या घरी डबा आणून देत होती. तिचं बोलणं मुळात हळू. पण माझ्यासाठी ती प्रत्येक गोष्ट तोंड वळवून म्हणायची. मी रोज दहा वेळा विचारायचो, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणायची. कधी वैतागली नाही.

दोन हजार एक साली जुना भाग कायमचा बंद करायचं ठरलं. ज्या गल्लीत बाजीराव गेला तिच्या तोंडाशी विटांची भिंत घालायला सकाळी गवंडी खाली गेले. दुपारी बाराला लॅम्परूममध्ये आम्ही दोघंच होतो. ती दिवे पुसत होती. तिनं माझ्याकडे तोंड केलं.

"भाऊ, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी छत कसं वाजलं होतं?"

अकरा वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी तिच्या ओठांवरून वाचलं, तरी म्हणालो, "काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा म्हटलं, तितकंच सावकाश. "छत. कसं वाजलं होतं?"

"पोकळ," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. डॉक्टरचा पुठ्ठा, फाडलेला कागद, कोमुरय्याच्या भुवया, चौकशीत जे बोललो ते, आणि ऑफिसच्या दारातून परत आलो ते. पाळण्याकडे नेताना बाजीराव काहीतरी म्हणत होता आणि मला ते कळलं नाही, हेही सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर थांबता आलं नाही. स्वतःचा आवाज मला कानातल्या शिट्टीपलीकडून येत होता, किती मोठा होता कोण जाणे.

ती ऐकत होती, हात चालू होते. हातातल्या दिव्याची काच तिनं पुसून पूर्ण केली. तो नंबराच्या जागी ठेवला. मग ती खिडकीशी गेली आणि बाहेर बघत, माझ्याकडे पाठ करून काहीतरी म्हणाली. मला तिच्या खांद्याची हालचाल दिसली. चार-पाच शब्द असतील. जास्त नव्हते.

ती थांबली होती. मी विचारेन अशी वाट बघत असावी. अकरा वर्षं मी तिला प्रत्येक नंबर पुन्हा म्हणायला लावत आलो होतो.

मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं पुढचा दिवा उचलला आणि पुसायला घेतला.